वायरलेस कीबोर्ड अक्षरे गाळतो आणि माऊस अडखळतो : दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे?

मुद्रितशोधक_कोथरूड

नमस्कार. मी घरी बसून मराठी पुस्तकांचे टंकलेखन आणि मुद्रितशोधन करते. टेबलावर मुद्रितांचे गठ्ठे, शब्दकोश आणि मूळ हस्तलिखित मांडले की कीबोर्डच्या वायरीला जागाच उरत नसे, म्हणून नुकतीच वायरलेस कीबोर्ड आणि माऊसची जोडी घेतली. दोन्हींसाठी मिळून एकच छोटा रिसीव्हर आहे. जोडणीत काहीच अडचण आली नाही. माऊसमधल्या सेलवरचा प्लॅस्टिकचा पट्टा ओढून काढला, कीबोर्डात सेल घातले, दोन्हींची खालची बटणे चालू केली आणि रिसीव्हर कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये लावताच विंडोज ११ ने तो ओळखला. कोणतेही सॉफ्टवेअर टाकावे लागले नाही.

अडचण येते ती प्रत्यक्ष कामात. मी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी) पद्धतीने टंकते, आणि लिहिता लिहिता मध्येच एखादी कळ दाबूनही उमटत नाही. हलन्ताची कळ गळाली की 'पुस्तक'चे 'पुसतक' होते. हे निदान डोळ्यांना खटकते तरी. पण 'प्रत'चे 'परत' झाले तर शुद्धलेखन-तपासणीलाही चूक सापडत नाही, कारण 'परत' हा शब्द बरोबरच आहे. असा मजकूर छपाईला गेला तर त्याची जबाबदारी माझी आहे, म्हणून हा त्रास मला किरकोळ वाटत नाही. कधी याच्या उलटही होते आणि एकच अक्षर ओळीने चार-पाच वेळा उमटत जाते. माऊसचा बाणही अधूनमधून थबकतो आणि मग एकदम पुढे सरकतो.

माझ्या मांडणीची माहिती देते. कॅबिनेट पत्र्याचे असून टेबलाखाली भिंतीला लागून आहे. त्याच्याच मागच्या बाजूला, रिसीव्हरच्या शेजारच्या पोर्टमध्ये, प्रतिलिपी ठेवण्यासाठीची बाहेरची हार्ड डिस्क कायम जोडलेली असते. राउटर टेबलाच्या वरच्या फळीवर आहे. आमची इमारत मोठी आहे आणि फोनवर पाहिले तर शेजाऱ्यांच्या वाय-फायची लांबलचक यादी दिसते. दोष कीबोर्डात आहे, संगणकात आहे की आणखी कुठे, हे कोणत्या क्रमाने तपासावे? जोडी बदलून घेण्याची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून आधी कारण समजून घ्यावे असे वाटते.

टेबलखुर्ची

ताई, तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे काम झालेच आहे. एकच गोष्ट पडताळून पाहा. गळणारी कळ दर वेळी तीच असते का? तुम्ही हलन्ताचे उदाहरण दिले आहे, पण मराठी लिहिताना हलन्ताची कळ फार वेळा दाबली जाते, त्यामुळे तीच गळते असे केवळ वाटण्याचीही शक्यता आहे. एक लांब परिच्छेद नोटपॅडमध्ये उतरवून काढा आणि कुठकुठली अक्षरे गळाली ते कागदावर टिपा. दर वेळी एकच कळ किंवा शेजारशेजारच्या दोन-तीन कळा सापडल्या, तर तो कळांचा यांत्रिक दोष आहे आणि जोडी निःसंकोच बदलून घ्यावी. कुठलीही कळ कधीही गळत असेल, तर कीबोर्ड बहुधा ठीक असून त्याचा संदेश वाटेत हरवतो आहे.

हे नोटपॅडमध्येच करा असे सांगण्यामागे कारण आहे. चित्रे आणि तळटीपा असलेली मोठी वर्ड फाइल उघडी असली की पडद्यावर अक्षरे उशिरा उमटतात, आणि तो उशीर कीबोर्डच्या माथी मारला जातो.

दुसरी चाचणी याहून सोपी आहे. ओटीजी जोडणी (फोनच्या चार्जिंगच्या तोंडाला यूएसबी उपकरण लावता येते ती) वापरून रिसीव्हर अँड्रॉइड फोनला लावा. बहुतेक फोन कीबोर्ड आणि माऊस लगेच ओळखतात. फोनवर एकही अक्षर गळाले नाही, तर संशय संगणकावर आणि रिसीव्हरच्या जागेवर जातो.

लघुलहरी

मी नोकरीत असताना रेडिओ संदेशवहनाचे काम केले आहे, म्हणून या विषयावर सविस्तर लिहितो. ताईंच्या मांडणीत संशयाला जागा देणाऱ्या तीन गोष्टी एकाच ठिकाणी आलेल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी गोष्ट राउटर नसून ती हार्ड डिस्क आहे.

असे कीबोर्ड २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे, म्हणूनच वाय-फाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस असे सगळे त्यातच दाटीने राहतात, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. कीबोर्ड प्रत्येक कळीसाठी एक छोटा संदेश पाठवतो आणि रिसीव्हरकडून पोच येण्याची वाट पाहतो. पोच आली नाही तर तो संदेश पुन्हा पाठवतो. गोंगाट थोडा असेल तर ही पुनरावृत्ती आपल्याला जाणवतही नाही. गोंगाट फार झाला की कीबोर्ड काही प्रयत्नांनंतर तो संदेश सोडून देतो आणि आपले अक्षर गळते.

एकच अक्षर अनेकदा उमटण्याचे कारणही हेच असते. कळ दाबली याचा एक संदेश जातो आणि कळ सोडली याचा दुसरा. पहिला पोहोचला आणि दुसरा हरवला किंवा उशिरा आला, तर संगणकाला वाटते की बोट अजून कळीवरच आहे, आणि तो ते अक्षर उमटवत राहतो. गळणे आणि वारंवार उमटणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, त्यात माऊसही अडखळत असला, तर मी तरी कळांना दोष देणार नाही. माऊसला कळांचा दोष कसा लागेल? दोघांमध्ये समान असलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे रिसीव्हर.

आता हार्ड डिस्कविषयी. यूएसबी ३.० ची वाहिनी सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने चालते, आणि त्या संकेतांमधून निघणारा रेडिओ गोंगाट इतका विस्तृत असतो की २.४ गिगाहर्ट्झचा आपला पट्टाही त्यात सापडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक लेख प्रसिद्ध केला होता. त्यात हा गोंगाट उपकरणातून, त्याच्या केबलमधून आणि जोडणीच्या तोंडाशी कसा बाहेर पडतो, आणि शेजारी लावलेल्या वायरलेस माऊसच्या रिसीव्हरची श्रवणक्षमता त्यामुळे कशी घटते, हे मोजून दाखवले आहे. तुमचा रिसीव्हर त्या डिस्कला अगदी खेटून बसला आहे. वाजणाऱ्या ढोलपथकाच्या मधोमध उभे राहून कुणाची कुजबुज ऐकावी, तशी त्याची अवस्था आहे.

तिसरी गोष्ट पत्र्याची. या लहरींची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते आणि पत्र्याच्या सलग भिंतीतून त्या आरपार जात नाहीत. कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या रिसीव्हरला तुमच्या कीबोर्डचा संदेश इकडेतिकडे आपटून, वळसे घेऊनच मिळतो. खोक्यावर लिहिलेले १० मीटरचे अंतर मोकळ्या जागेतले असते, हे लक्षात ठेवावे.

उपाय साधा आहे. यूएसबी २.० ची एक मीटर लांबीची एक्स्टेन्शन केबल घ्यावी आणि रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डपासून हात-दीड हातावर, समोर दिसेल असा ठेवावा. केबल २.० चीच पुरते. रिसीव्हरला यापेक्षा वेगवान वाहिनीचा काहीही उपयोग नसतो. राउटरपासूनही त्याला निदान मीटरभर दूर ठेवावे.

हडपसरचा_वाचक

लघुलहरी काका, तुमचे विवेचन वाचून माझ्या एका शंकेला तोंड फुटले. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि ती परत आल्यानंतर माऊस अडखळू लागतो असा माझा अनुभव आहे. एरवी तो व्यवस्थित असतो. विजेचा आणि सेलवर चालणाऱ्या माऊसचा काय संबंध असू शकेल?

लघुलहरी

संबंध राउटरमार्फत असू शकतो. राउटर 'ऑटो'वर असेल तर पुन्हा सुरू होताना तो बहुधा नव्याने चॅनेल निवडतो, आणि वीज आल्यावर सगळ्या इमारतीचे राउटर एकाच वेळी जागे होऊन हीच निवड करत असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा एक चॅनेल कायमचा ठरवून टाका. त्याहून चांगले म्हणजे संगणक आणि फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या, म्हणजे तुमच्या घरातली तरी रहदारी माऊसच्या पट्ट्यातून कमी होईल.

दुरुस्ती_बुधवारपेठ

वरची माहिती योग्यच आहे, पण दुकानात रोज अशी उपकरणे हाताळणारा माणूस म्हणून मी क्रम थोडा बदलून सांगेन. सर्वांत आधी सेल पाहावेत. जोडीसोबत येणारे सेल कित्येकदा साधे कार्बन-झिंकचे असतात आणि खोक्यात किती काळ पडून होते हे कळायला मार्ग नसतो. सेल उतरू लागला की कीबोर्ड लगेच बंद पडत नाही. आधी त्याचा पल्ला कमी होतो, म्हणजे रिसीव्हरजवळ नेला की चालतो आणि दूर ठेवला की अक्षरे गाळतो. म्हणून चाचणी करण्यापूर्वी नवे अल्कलाइन पेन्सिल सेल घालावेत, आणि दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी बदलावेत. जुना आणि नवा एकत्र घातला की जुना आधी पूर्ण उतरतो आणि तोच गळण्याची भीती असते.

चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरायला हरकत नाही, पण त्यांचा दाब १.५ नव्हे तर १.२ व्होल्ट असतो. त्यामुळे काही कीबोर्ड सेल भरलेला असतानाही तो कमी असल्याचा इशारा देतात. त्यावरून घाबरू नये.

पावसाळ्यात येणाऱ्या कीबोर्डांत मला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे सेलच्या स्प्रिंगवर जमलेला पांढरा किंवा हिरवट थर. अल्कलाइन सेल गळला असेल तर ते द्रव्य क्षारधर्मी असते. सेल काढून, हातमोजे घालून, कानकाडीला थोडे व्हिनेगर लावून तो थर पुसावा, मग कोरड्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावे आणि त्यानंतरच नवे सेल घालावेत. स्प्रिंग गंजून पातळ झाली असेल तर ती बदलता येते, त्यासाठी अख्खा कीबोर्ड टाकून देण्याची गरज नाही. ज्या दिवशी तुम्ही लांबच्या प्रवासाला निघाल, त्या दिवशी सेल काढून ठेवावेत, एवढी सवय लावली तरी निम्म्या तक्रारी उद्भवणार नाहीत.

एक्स्टेन्शन केबल बुधवार पेठेत तापकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल. घेताना तिचे एक तोंड नर आणि दुसरे मादी आहे हे पाहून घ्यावे, कारण घाईत पुष्कळजण प्रिंटरची केबल घेऊन जातात.

आणि कळकळीची एक विनंती आहे. रिसीव्हर जपा. स्वस्त जोड्यांमध्ये तो कारखान्यातच त्या एका कीबोर्ड-माऊसशी बांधलेला असतो, आणि तो हरवला की दोन्ही वस्तू चांगल्या असूनही निरुपयोगी होतात. आमच्याकडे 'फक्त रिसीव्हर द्या' असे म्हणत येणाऱ्या माणसाला नाही म्हणताना वाईट वाटते. माऊसच्या सेलच्या कप्प्यात तो ठेवण्यासाठी बहुधा खाच असते, तिचा उपयोग करावा.

लिनक्सवासी

शेवटच्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडतो. काही कंपन्यांचे रिसीव्हर पुन्हा बांधता येतात. लॉजिटेकने २००९ मध्ये युनिफायिंग नावाचा रिसीव्हर आणला, त्याच्याशी सहापर्यंत उपकरणे जोडता येतात आणि तो स्वतंत्रपणे विकतही मिळतो. २०२१ मध्ये त्यांनी बोल्ट ही नवी पद्धत आणली, तीही सहा उपकरणे सांभाळते, पण युनिफायिंगचा कीबोर्ड बोल्टच्या रिसीव्हरवर चालत नाही आणि उलटही चालत नाही. विकत घेण्यापूर्वी कीबोर्डच्या पाठीवरचे चिन्ह आणि रिसीव्हरवरचे चिन्ह जुळते का ते पाहावे. लिनक्सवर ही जोडणी सोलार नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने करता येते.

शिक्षिका_औंध

माझा प्रश्न याच विषयाच्या जवळचा आहे, म्हणून नवा धागा न काढता इथेच विचारते. माझा कीबोर्ड रिसीव्हरचा नसून ब्लूटूथचा आहे. शाळेच्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालत होता. घरच्या टॅबला जोडू लागले तेव्हा पडद्यावर सहा अंकी आकडा दिसला, पण तो लिहिण्यासाठी कुठेच चौकट नव्हती, आणि थोड्या वेळाने जोडणी फसल्याचा संदेश आला. आता तर तो लॅपटॉपवरही चालेनासा झाला आहे. कीबोर्ड बिघडला असेल का?

टेबलखुर्ची

बिघडलेला नाही, निश्चिंत राहा. तो आकडा पडद्यावर कुठे लिहायचा नसतो. तो जोडू पाहत असलेल्या कीबोर्डवरच टंकायचा आणि मग एंटर दाबायचे असते. टंकताना पडद्यावर काहीही उमटत नाही, त्यामुळे पुष्कळांना आपण काही करतच नाही आहोत असे वाटते. एंटर राहून गेले तरी जोडणी फसते.

लॅपटॉपवर तो न चालण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. तुमच्या कीबोर्डवर १, २, ३ असे आकडे असलेल्या किंवा संगणक-फोनची चित्रे असलेल्या कळा आहेत का पाहा. अशा कीबोर्डला तीन वेगवेगळी उपकरणे लक्षात ठेवता येतात, पण एका वेळी तो एकाशीच बोलतो. टॅब जोडण्याच्या खटपटीत तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर गेला असाल, तर पहिल्या क्रमांकाची कळ एकदाच दाबा, लॅपटॉप पूर्ववत होईल. ती कळ काही सेकंद धरून ठेवू नका, कारण तसे केल्यास बहुतेक कीबोर्ड त्या क्रमांकावरची जुनी जोडणी सोडून नव्या जोडणीसाठी तयार होतात. एवढे करूनही जमले नाही, तर लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून कीबोर्डचे नाव काढून टाका आणि नव्याने जोडा.

लिनक्सवासी

ब्लूटूथ घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्लूटूथचा कीबोर्ड चालण्यासाठी आधी कार्यप्रणाली सुरू व्हावी लागते. त्यामुळे संगणक सुरू होताना बायॉसमध्ये (संगणकाच्या मूलभूत सेटिंग्जमध्ये) शिरायचे असेल, किंवा डिस्क कूटबद्ध असून तिचा पासवर्ड आरंभीच द्यायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी तो उपयोगी पडत नाही. रिसीव्हरवाला कीबोर्ड तिथे चालतो, कारण संगणकाच्या दृष्टीने तो रिसीव्हर म्हणजेच यूएसबीचा साधा कीबोर्ड असतो. घरात एखादा जुना वायरचा कीबोर्ड शिल्लक असेल तर तो देऊन टाकू नका.

मुद्रितशोधक_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे तपासले, त्याचा वृत्तान्त देते. नोटपॅडमध्ये लांब मजकूर उतरवला तेव्हा गळालेली अक्षरे सर्व कीबोर्डभर विखुरलेली निघाली, म्हणजे दोष एका कळीचा नाही. रिसीव्हर फोनला लावला तेव्हा एकही अक्षर गळाले नाही. त्यानंतर मुद्दाम हार्ड डिस्कवर मोठी फाइल चढवत असताना टंकून पाहिले, आणि त्या वेळी मजकूर अक्षरशः वाचण्यापलीकडे गेला. फाइल चढवून झाली, डिस्क काढली, की बरीच सुधारणा दिसली. लघुलहरी काकांचे निदान तंतोतंत खरे ठरले. तापकीर गल्लीतून केबल आणली, नवे सेल घातले, आणि रिसीव्हर आता शब्दकोशाच्या शेजारी टेबलावर आहे. डिस्क चालू असतानाही अक्षरे गळत नाहीत आणि एकच अक्षर वारंवार उमटण्याचा प्रकारही पूर्ण थांबला आहे.

दोन गोष्टी मात्र उरल्या आहेत. मूळ प्रत वाचण्यात काही मिनिटे गेली आणि मग टंकायला सुरुवात केली, की पहिले अक्षर हटकून गळते. आणि माऊसचा बाण टेबलाच्या एका भागात अजूनही थरथरतो.

तारवाला

सगळी चर्चा वाचली. माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्नाला माझे उत्तर निराळे आहे. ज्यांचा चरितार्थ टंकलेखनावर आहे त्यांनी वायरचाच कीबोर्ड वापरावा. त्याला सेल लागत नाहीत, शेजाऱ्याच्या राउटरची त्याला पर्वा नसते, आणि 'प्रत'चे 'परत' झाले तर ते आपल्या बोटांमुळे झाले याची खात्री असते. माऊस वायरलेस असावा, त्यात एखादा संदेश हरवला तर बाण किंचित अडखळतो आणि पुढे जातो. अक्षर हरवले तर ते पुस्तकात हरवते.

मुद्रितशोधक_कोथरूड

तुमचा मुद्दा मला पटतो आणि त्यावर मी विचारही केला. माझी अडचण मानेची आहे. मूळ प्रत डोळ्यांसमोर स्टँडवर उभी ठेवायची आणि कीबोर्ड कधी मांडीवरच्या पाटावर, कधी टेबलावर घ्यायचा, अशी बैठक बदलत राहिले तरच मला दिवसभर काम करता येते. वायरीने तसे करू दिले नाही.

लघुलहरी

तारवाला यांच्या म्हणण्याला माझा निम्मा पाठिंबा आहे. रेडिओपेक्षा तार अधिक भरवशाची, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. पण रिसीव्हर समोर दोन-तीन फुटांवर असेल आणि शेजारी गोंगाट करणारे काही नसेल, तर वायरलेस कीबोर्डही या कामाला पुरेसा विश्वासार्ह असतो. ताईंचा कीबोर्ड आधी गाळत होता तो चुकीच्या जागेमुळे.

टेबलखुर्ची

पहिले अक्षर गळण्याची दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे सेल वाचवण्यासाठी कीबोर्ड स्वतःच झोपतो, आणि त्याला उठवण्यातच पहिली कळ खर्ची पडते. यावर काही इलाज नाही, फक्त लिहिण्याआधी एकदा कंट्रोलची कळ दाबायची सवय लावावी, कारण तिने मजकुरात काहीच बदलत नाही.

दुसरे कारण विंडोजचे आहे. वीज वाचवण्यासाठी विंडोज न वापरलेल्या यूएसबी जोडण्या झोपवते. डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलर्सच्या यादीत रूट हबवर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणाऱ्या ओळीपुढची खूण काढा. एकाहून अधिक रूट हब असतील तर प्रत्येकासाठी हेच करावे. नंतर संगणक 'रीस्टार्ट' करावा. नुसता बंद करून चालू केल्यास विंडोजच्या जलद आरंभाच्या सोयीमुळे तो अनेकदा पूर्ण बंद होतच नाही.

इनस्क्रिप्ट वापरणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक सूचना. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की 'फिल्टर कीज' सुरू करायचे का असे विचारले जाते, आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टचा वापर इतका असतो की विचार करताना बोट तिच्यावर राहणे सहज शक्य आहे. त्या खिडकीला नकळत होकार गेला की विंडोज झटपट दाबलेल्या कळा मुद्दाम दुर्लक्षित करू लागते. लक्षणे अगदी रेडिओच्या दोषासारखीच दिसतात, पण केबल कितीही बदलली तरी ती जात नाहीत. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या कीबोर्ड विभागात जाऊन ही सोय आणि तिचा शॉर्टकट, दोन्ही बंद करून टाकावेत.

दुरुस्ती_बुधवारपेठ

माऊसबद्दल मी सांगतो. टेबलाच्या त्या भागावर काच आहे किंवा चकाकणारा सनमायका आहे का? माऊसच्या पोटातला प्रकाशीय संवेदक खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतो आणि त्यांतला फरक पाहून माऊस किती सरकला ते ठरवतो. काचेवर किंवा गुळगुळीत चकाकीवर त्याला पकडण्यासारखी खूणच सापडत नाही. तिथे एक साधा कोरा कागद ठेवून पाहा. कागदावर बाण स्थिर झाला, तर कापडी माऊस पॅड घ्यावा, तो पुरेल.

पिंपरी_संगणक

इतक्या चांगल्या चर्चेत सुरक्षिततेचा मुद्दा राहून जाऊ नये. वायरलेस कीबोर्ड निवडताना तो कळांचे संदेश कूटबद्ध करून पाठवतो का, हे अवश्य पाहावे. बॅस्टिल या सुरक्षा-संशोधन कंपनीने २०१६ मध्ये दोन वेळा या प्रश्नाकडे लक्ष वेधले. आधी त्यांनी दाखवले की अनेक कंपन्यांच्या ब्लूटूथ नसलेल्या वायरलेस माऊसचे संदेश कूटबद्ध नसल्यामुळे, दुसराच कुणी दुरून त्या रिसीव्हरमार्फत संगणकावर कळा दाबल्याचे भासवू शकतो. त्याच वर्षी पुढे त्यांनी काही स्वस्त कीबोर्ड असे शोधले की ज्यांचे टंकन २५० फुटांपर्यंतच्या अंतरावरून जसेच्या तसे वाचता येत होते. एकमेकांना चिकटलेल्या इमारतींच्या आपल्या शहरात हे अंतर फार मोठे आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात १२८ बिटी एईएस कूटबद्धतेचा उल्लेख असेल तर उत्तम. तसा उल्लेख नसेल, तर त्या कीबोर्डवर पुस्तक जरूर टंकावे, पण बँकेचा पासवर्ड टंकू नये. कंपनी रिसीव्हरसाठी फर्मवेअरची (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची) सुधारणा देत असेल तर तीही करून घ्यावी.

मुद्रितशोधक_कोथरूड

माझ्या माहितीपत्रकात तसा उल्लेख आहे, आताच वाचून पाहिले. टेबलाच्या त्या भागावर काचच होती. तिच्यावर कागद ठेवताच बाण स्थिर झाला. रूट हबची खूण काढल्यावर पहिले अक्षर गळणे बरेच कमी झाले, आणि दीर्घ विश्रांतीनंतर आधी कंट्रोल दाबण्याचे मी आता पाळते आहे. जोडी परत करण्याचा विचार सोडला आहे. काढलेले जुने सेल कुठे द्यावेत, एवढे कुणी सांगाल का?

दुरुस्ती_बुधवारपेठ

ते ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते घरगुती कचऱ्यापासून वेगळेच ठेवायचे असतात. टोकांना चिकटपट्टी लावून एका कोरड्या डब्यात साठवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत. जवळ सोय नसेल तर तापकीर गल्लीकडे पुन्हा येणे झाले की सोबत आणा, आमच्याकडचा डबा भरला की आम्ही तो एकत्रच पाठवतो.